वासणा म्हणजे आपलं वासणाच ना?

बडोदे, शुक्रवार, दुपारचे सव्वादोन
(एका सरकारी कचेरीचा व्हरांडा, लाकडी बाक)

ती. निरुपमाआत्यास,

आशयचा वाकून नमस्कार (बसल्या जागेवरूनच, कारण उठायची परवानगी नाही, ते पुढे येईलच). नागपूरचं ऊन काय म्हणतंय? तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा हे मी दर वेळी विसरतो, तेव्हा दोघांचीही चौकशी केली असं समज. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता पत्र का, तर माझा फोन तुझ्या लाडक्या भाचीने, देवश्रीने, काढून घेऊन तिच्या पर्समध्ये ठेवला आहे. ती माझ्या शेजारीच बसली आहे आणि सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी एकच वाक्य बोलली, "पाच वाजेपर्यंत या बाकावरून हलायचं नाही आणि कुणाशीही बोलायचं नाही." लिहायचं नाही असं काही म्हणाली नाही. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा इथे पडून आहे, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय.

आधी एक सांगतो. सोमवारी मी तुला ओरडून फोन केला होता की देवश्रीला आपलं वासणा मिळालं, आणि तू लगेच देवापुढे साखर ठेवलीस. ती साखर मुंग्यांनी नेली असेल तर प्रश्न मिटला. नसेल नेली तर उचलून ठेव.

तुला हे डॉक्टरांचं प्रकरण नीट माहीत नसेल (मलाही नव्हतं, तिथेच घोटाळा आहे). सरकारी कॉलेजात डॉक्टर झालं की एक वर्ष सरकार देईल त्या गावच्या दवाखान्यात काम करायचं, असं आधीच लिहून दिलेलं असतं. नाही गेलं तर एवढी मोठी रक्कम भरायची की तो आकडा ऐकून बाबासुद्धा "चालेल" म्हणाले नाहीत. आणि बाबांचं तुला ठाऊकच आहे. पौषात झटका आल्यापासून उजवा हात गेला आणि सगळ्या भाषेतून तेवढा एकच शब्द उरला. चहा हवा का, चालेल. पंखा बंद करू का, चालेल. परवा पद्माकाकू शेजारून विचारायला आल्या की आमची मांजर तुमच्या गॅलरीत व्याली तर चालेल का, तर त्यालाही चालेल. देवश्री दिवसातून तीनदा त्यांच्याकडून व्यायाम करून घेते: टॉवेल पिळणं, पेला उचलणं, आरशासमोर तोंड वाकडं करणं. ती म्हणते, हातातलं आणि जिभेतलं जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं, मग नाही. आणि नेमकं हेच वर्ष सरकारचं. म्हणून गाव जवळचं मिळायला हवं, रोज संध्याकाळी घरी येता येईल असं. यावर सगळं अडलं होतं आणि अजून अडलंय.

आता गावं वाटतात कशी, तर गुणांच्या क्रमाने. एका हॉलमध्ये सगळे नवे डॉक्टर बसतात, पडद्यावर रिकाम्या जागांची यादी असते, नंबर पुकारला की पुढे जाऊन गाव सांगायचं आणि सही करायची. सांगितलेलं गाव यादीतून पुसलं जातं. आपल्या पुढे जितके हुशार तितकी गावं कमी, म्हणजे लग्नाच्या शेवटच्या पंगतीला बसल्यासारखं. देवश्रीचा नंबर तीनशेच्या पुढे. आणि बरोब्बर दोन दिवस आधी तिला कांजिण्या आल्या! (चोवीस वर्षांच्या डॉक्टरला. मी हसलो, ते तिने लक्षात ठेवलंय.) त्यामुळे अधिकारपत्र घेऊन मी गेलो. तिने एका कागदावर गावं क्रमाने लिहून दिली होती. बाबांचे व्यायामही त्या दिवसापासून माझ्याकडे आले, कारण ती खोलीत बंद. मला टॉवेल पिळणं जमत नाही असं बाबांचं मत असावं, पण ते बोलू शकत नसल्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

तर हॉलमध्ये मी खांबामागे बसलो. माझ्या शेजारी विक्रमसिंह म्हणून एक गृहस्थ, पांढऱ्या मिशा, पायात कातडी मोजडी, मुलाबरोबर आलेले. मुलगा कुणाल, त्याचा नंबर देवश्रीच्या लगेच नंतरचा. विक्रमसिंहांकडे उंट होते पूर्वी. आत्या, उंटाला राग आला तर तो तीन-तीन वर्षं धरून ठेवतो म्हणे! मी कच्छच्या रणातल्या तंबूंवर चार महिने काम केलेलं (तुला आवडलं नव्हतं, पण केलं), त्यामुळे मलाही उंटांचं थोडं ठाऊक, आमची चांगलीच गट्टी जमली. मी त्यांचा फोन नंबर घेतला, देवश्रीच्या कागदाच्या पाठीमागे. तिथे आधीच काहीतरी लिहिलेलं होतं, त्याच्यावरूनच लिहिला.

नंबर पुकारला गेला तेव्हा देवश्रीच्या यादीतलं एकच गाव शिल्लक होतं, डभोईजवळचं. चांगलं गाव, बसने तासाभरात घरी. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि पडद्यावर दिसलं, वासणा! अगं, आपलं वासणा! जिथे मी स्कूटर शिकताना भाजीवाल्याच्या गाडीत घुसलो होतो ते! सुभानपुऱ्यातल्या आपल्या घरापासून दहा मिनिटं! देवश्री यादीत लिहायला विसरली, एवढ्या हुशार मुलीला हे कसं दिसलं नाही, बरं झालं मी आलो, असं सगळं एका क्षणात मनात येऊन मी इतक्या जोरात "वासणा!" म्हणालो की टेबलामागच्या बेन दचकल्या. सही केली. मागे वळलो तर विक्रमसिंहांचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, जळले. कुणालने मग ते डभोईजवळचं घेतलं. मी बाहेर येऊन सेव-उसळ खाल्ली, वरून आणखी तर्री मागून घेतली आणि तुला फोन केला.

संध्याकाळी ऑर्डर आली. वासणा, आणि त्यापुढे तालुका आणि जिल्हा. आत्या, हे वासणा पार उत्तरेला, राजस्थानच्या हद्दीजवळ आहे. बसने आठ तास. गुजरातेत किती वासणे आहेत याची मला कल्पनाच नव्हती. देवश्रीने दाराआडून शांतपणे विचारलं, "आशय, कागद उलटून वाचला होतास का?" उलटला. मागे तिच्या अक्षरात, लाल शाईने: "नाव बघू नकोस, जिल्हा बघ. एका नावाची दहा गावं असतात." आणि त्यावरून माझ्या अक्षरात विक्रमसिंहांचा नंबर. मग ती जी गप्प झाली ती झालीच.

सव्वातीन. अजून ते आले नाहीत. कोण, ते सांगतो. मंगळवारी कळलं की दोन उमेदवार राजी असतील तर गावांची अदलाबदल होते, पण दोघांनी समक्ष येऊन, शुक्रवारी पाचच्या आत. आणि विक्रमसिंहांचं गाव कुठलं, ओळख! मी पळवलं ते वासणा त्यांच्या घरापासून चार कोसांवर. म्हणून चेहरा उतरला होता. म्हणजे त्यांना ते हवं, आम्हाला त्यांचं हवं. फक्त फोन लावायचा. पण नंबराच्या शेवटच्या आकड्यावर उसळीची तर्री सांडलेली. मी शून्यापासून सुरुवात केली. शून्याला एक टाइल्सवाला. दोनला कुणी उचललं नाही. तीनला एक बाई, मला जावई समजून "केम आव्या नहीं?", का आला नाहीत, म्हणत इतक्या रागावल्या की मी येत्या रविवारी येतो असं कबूल करून बसलो. सहाला एक माणूस रडत होता, त्याच्याशी वीस मिनिटं बोललो (त्याची म्हैस). सातला विक्रमसिंह. "अरे उंटवाळा भाई!" म्हणाले. आज येतो म्हणाले, जीपने.

पावणेचार. जीप नाही. आमच्या बाकावर आम्ही दोघंच आहोत, बाकी सगळे समोरच्या बाकावर दाटीवाटीने बसलेत, कारण देवश्रीच्या तोंडावर खपल्या आहेत. आता लागण होत नाही हे त्यातल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेलं असणार, सगळे डॉक्टर आहेत, तरी कुणी इकडे सरकत नाही. देवश्री घड्याळ बघते आहे आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारते, सोडते, मारते. पद्माकाकू बाबांजवळ साडेपाचपर्यंतच थांबणार आहेत. चारचा टॉवेल कोण पिळून घेणार? त्यांना सांगून आलोय, पण त्या घाईघाईत पिळून घेतील. डाव्या हाताने उजव्याला धरू द्यायचं नसतं. हे त्यांना सांगायचं राहिलं.

साडेचार. शिपाई दोनदा डोकावून गेला. मी देवश्रीला म्हणालो, फोन दे, विचारतो. तिने दिला! रिंग जाते आहे, उचलत नाहीत.

चार चाळीस. आले. जीपचा फॅनबेल्ट वाटेत तुटला होता. पळत आत जातोय.

(पुढचं घरून लिहितो आहे, रात्री जेवणं झाल्यावर.)

आत कारकुनाने दोन्ही फायली काढल्या. कुणालची सही, ठीक. मग आमचं पान उघडून म्हणाला, "उमेदवार कोण?" देवश्री म्हणाली, मी. "तो आ आशय कोण?" मी हात वर केला. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "तमे डॉक्टर छो?" आत्या, मी खरं ते सांगितलं, "बी.कॉम., दुसरं वर्ष, अर्धवट." त्याने पान आमच्याकडे फिरवलं. सोमवारी मी प्रतिनिधीच्या रकान्यात सही करायची ती उमेदवाराच्या रकान्यात केलेली. म्हणजे कागदोपत्री वासण्याचा डॉक्टर मी! सही दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, वरची मंजुरी, पंधरा दिवस; तोवर देवश्रीला रुजू होता येतं, पण अदलाबदल नाही. आणि अदलाबदलीची मुदत आज पाचला संपणार. घड्याळात आठ मिनिटं होती. कारकून वाईट नव्हता बिचारा, त्याने दोन ठिकाणी फोनही केले. पाच वाजले. शिपायाने खिडकी ओढून घेतली. देवश्रीने ओढणीने डोळे पुसले, खपलीला धक्का लागला म्हणून "आई गं" म्हणाली, आणि बाहेर येऊन त्याच बाकावर बसली. मी म्हणालो, मला काहीतरी बोल, तर म्हणाली, "तुला मारायला उठायचीसुद्धा ताकद नाहीये."

विक्रमसिंह मागोमाग बाहेर आले. मग तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "बेन, आपली अदलाबदली सरकारने केली नाही तर ना करे, आपण करू. तू अमारे घेर, आमच्या घरी, रहेजे. कुणालची आई तुझ्यासाठी बाजरीचे रोटले करेल, जीप रोज दवाखान्यात सोडेल. आणि आ कुणालला तमारे घेर राखो." कुणाल म्हणाला की त्याला फक्त रात्री ताक लागतं. असं ठरलं. सोमवारी देवश्री निघते, वासण्याला. आपल्या नाही, त्यांच्या.

तुझी काळजी घे. घरच्या सर्वांना नमस्कार.

तुझा,
आशय

ता. क. खरी गोष्ट ही की कुणाल सकाळी सातला जाणार आणि रात्री आठला येणार. मधल्या तीन व्यायामांना घरी कुणीतरी हवं. आत्या, तू एक वर्ष ये ना. बडोद्याची हवा गुडघ्यांना मानवते असं सगळे म्हणतात. माझं वीस तारखेचं रिझर्वेशन झालंय, हिमाचलला, माझ्या मित्राच्या, नीलच्या कॅम्पवर कामाला, पूर्ण मोसमासाठी. एवढं सगळं लिहिलं ते यासाठीच, पण ते वर लिहायला धीर झाला नाही.

ता. क. शनिवार सकाळ, पाकीट डकवलेलं नाही म्हणून. येऊ नकोस. देवश्रीने काल बाकावर हे सगळं शेजारून वाचलं होतं, आणि रात्रीचं उरलेलं माझ्या उशाखालून काढून वाचलं. आज चहाच्या वेळी तिने जेवणाच्या टेबलावर यादी मांडली. जागा एकच: बाबांची खोली. गुणांच्या क्रमाने पहिलं तुझं नाव पुकारलं, गैरहजर. दुसरं पद्माकाकू, त्यांना मांजरीची पिल्लं. तिसरा मी. बाबा खुर्चीत बसून बघत होते. ती त्यांना म्हणाली, "बाबा, वर्षभर आशय करून घेईल सगळं." बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चालेल?"

प्रश्नचिन्ह लावून, आत्या. पौषापासून पहिल्यांदा. देवश्री ओरडली, सूर आला, सूर परत आला, आणि रडायला लागली, आणि मला म्हणाली की हा सूर तुझ्यामुळे आला. ही स्तुती आहे का ते मी विचारलं नाही. मग तिने कालच्या एका कोऱ्या अर्जावर माझी ऑर्डर लिहून पुढे सरकवली: नेमणूक सुभानपुरा, मुदत एक वर्ष, अदलाबदल नाही. नीलला कळवलं. ऑर्डर आधी उलटून पाहिली, मागे काही नव्हतं. मग सही केली, रकाना वाचून.