शनिवारी ठेवलेली तपासणी

सौंसर, १२ जुलै, रविवार संध्याकाळ

शाळेच्या छतावरचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडणारी टाकी या पावसाळ्यात एकदाही उघडली नव्हती. शाळेतल्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे, तपासणीचं वेळापत्रकही माझंच, आणि मी दिवस धरला शनिवार. शनिवारी आमचे सफाईवाले गणपतभाऊ जामसांवलीला जातात. अर्धं गाव जातं. मला हे लहानपणापासून माहीत आहे, मग शनिवार कसा लिहिला मी?

आज त्यांना विचारलं. "हनुमानजीचं दर्शन सोडून टाकी पाहू का म्याडम? मले वाटलं, तुम्हीच पाहून रायल्या." आणि मी, ते पाहतात असं धरून, तीन शनिवार सही केली. हात लावल्याशिवाय सही करायची नाही, हे बाबांनी घरीच शिकवलं होतं.

दोघांनी झाकण उघडलं. रेतीवर काळा चिखल, कुजलेला उंदीर. हेच पाणी बोअरमधून नळाला येतं, पोरं पिऊन राहिली.

मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला, उद्या नळ बंद ठेवा.

"पण तपासणी झाल्याची तुझी सही आहे ना गं?"

"खोटी आहे," मी म्हणाले.

 त्या हळूच म्हणाल्या, "माझा नातू आपल्याच शाळेत पहिलीत आहे. दोन दिवस तापानं पडलाय. यानंच का गं?"