दगडावरचं गाव

प्रिय सोदाम,

तू पाठवलेला गुडघ्याचा पट्टा पोचला. चांगला आहे, मांजर त्यावर झोपतं. अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नकोस. दुसरीनंतर बापाने शाळेतून काढलं आणि सुकटीच्या टोपल्या हाती दिल्या. त्यात एवढं लिहिता येतं हेच पुष्कळ. परवा तू फोनवर विचारलंस की आजोबांच्या थडग्यावर दोघांचा मिळून एकच दगड बसवायचाय, तर माझ्या बाजूला कुळाचं गाव कुठलं कोरायचं, कागदावर आहे तेच ना, सिन्चन? मी मासा करपतोय म्हणून फोन ठेवला. चुलीवर मासा नव्हताच.

सिन्चन मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उत्तरेतलं गाव ते, माझं काय तिथे? मी जिंजूची कांग, मूळगाव आणि आडनाव दोन्ही तुझ्या आजोबांचंच. तुमच्या पिढीला कुळाचं मूळगाव म्हणजे काय तेही धड सांगता येत नाही. आमच्या वेळी आडनाव एक आणि मूळगावही एक असलं की लग्नाची नोंद होत नसे, मग भले दोन घरांनी हजार वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो. आजोबा सामचनपोच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला आले, मी तिथेच मासळी वाळवत होते. मूळगाव विचारेपर्यंत तुझा बाप पोटात होता. नोंद नाही म्हणजे पोर कागदावर बिनलग्नाचं, शाळेपासून लष्करापर्यंत तोच डाग. आजोबा म्हणाले, पळून जाऊ. मी म्हटलं, कायदा काय फक्त या धक्क्यावर राहतो?

कचेरीसमोर एक अर्जनवीस बसायचा. तोंडातली विडी न काढता तो म्हणाला, कायदा म्हणतो जिंजूच्या कांगने जिंजूच्या कांगशी लग्न करू नये. पोरीने अनाथ होऊ नये असं कुठे म्हणतो? युद्धात उत्तरेतून पळून आलेल्यांचे कागद तिकडेच राहिले होते. दोघांनी साक्ष दिली की त्यांना इकडे नवी नोंद मिळायची, मूळगाव सांगतील ते. बाजारात शेवया विकणारा प्यो म्हातारा आणि त्याची बायको खरोखर सिन्चनकडची. महिनाभर त्याने मला त्याचं गाव पाठ करवलं. विहीर कुठे, जर्दाळूचं झाड कुठे, आमचं नसलेलं घर कितवं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पोरी, या गावाबद्दल बोलायला मला कोणीतरी मिळालं.

कचेरीत सगळं घडाघडा सांगितलं. मग कारकुनाने सहज विचारलं, नव्या वर्षाच्या कढणात तुझी आई काय घालायची? मी म्हटलं, कालवं. कालवं आमच्या किनाऱ्यावरची. सिन्चनकडे त्या कढणात सारण भरून मुरडलेले मांदू घालतात, हे कारकुनाला ठाऊक होतं. त्याने लेखणी खाली ठेवली. माझ्या पोटात तुझ्या बापाने लाथ मारली. तेवढ्यात प्यो खेकसला, साहेब, बारा वर्षांची उपाशी पोर इकडे आली, पहिलं पोटभर जे खाल्लं तेच तिला आईच्या हातचं वाटतं. त्यावरही शिक्का लागतो का? कारकुनाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तेव्हापासून आपल्या घरात कढणात मांदू पडतात. तुझ्या हातच्या मांदूंचं तुझ्या सासूला कौतुक आहे ना, ते प्यो म्हाताऱ्याच्या बायकोचे. त्या दोघांचं पान मी दर वर्षी का वाढते, ते आता कळलं असेल.

माझ्या बापाला हे कळलं तेव्हा त्याने जिंजूच्या नोंदीत मला मेलेली दाखवलं. म्हणजे एक मी मेलेली, एक मी कधी जन्मलेलीच नाही, आणि तिसरी रोज सुकट विकत होती. बाप गेला तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन दारापर्यंत गेले. भावाच्या पोराने विचारलं, कोण तुम्ही? म्हटलं, मासळीवाली. त्याने दोन जुड्या घेतल्या, घासाघीस करून. आमच्याच रक्ताचा.

पुढे युद्धात ताटातूट झालेल्यांची यादी घेऊन सरकारी माणूस घरी आला, म्हणाला, आजी, उत्तरेतली तुमची माणसं शोधायची का? मी म्हटलं, राहू दे बाबा, मला ओळखायची नाहीत. तो डोळे पुसत गेला. मग लग्नाचा तो कायदाच गेला. आजोबा वर्तमानपत्र नाचवत आले, म्हणाले, माकसून, चल, आता खरं लिहून देऊ. मी म्हटलं, खरं लिहिलं तर सिन्चनची अनाथ खोटी, तिचं लग्न खोटं, आणि पन्नाशीला टेकलेला तुमचा लेक पुन्हा बिनलग्नाचा. गप जेवा. ते जेवले, पण नंतर कधीमधी अंधार पडल्यावर मला जिंजूची म्हणून हाक मारायचे. मी ओ द्यायची नाही. द्यायला हवी होती.

काल मी एकटीच दगडवाल्याकडे गेले. विचारलं, दगडाला कुठल्या कचेरीचा शिक्का लागतो का? म्हणाला, नाही आजी, फक्त नोंदीपेक्षा वेगळं कोरायचं असेल तर घरच्या माणसाने लेखी द्यावं, उगाच मागाहून भांडण नको. म्हणून हा कागद. माझ्या नावचा पहिला खरा कागद आहे, पट्ट्यासारखा मांजराखाली घालू नकोस. माझ्या बाजूला जिंजूची कांग असंच कोरायला सांग. तुझ्या बापाला काय ते तू समजाव. कुळातल्या म्हाताऱ्यांना येऊन बघू दे, दोन जिंजूचे कांग एका दगडाखाली, काय नोंद नाकारायची ती नाकारा म्हणावं. आणि दगडापुढे कढण ठेवशील तेव्हा त्यात मांदू घाल आणि कालवंही घाल. मी दोन्ही खाते.

तुझीच आजी,
जिंजूची कांग माकसून