ओलीथाबाईंचं छप्पर

चर्चचं शिबिर, पूर्व टेक्सास
१४ जानेवारी २००७

चि. लवॉन हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजींनी, डेलमारने, शिबिराच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. उतारवयात घरदार सोडून चाकांवर संसार करणारी ही कुठली भटकी जमात, हे तुझं वाक्य इथे इतकं गाजलं, की आता सगळी म्हातारी माणसं एकमेकांना भटक्या म्हणूनच हाक मारतात. झाडांखाली ओळीने घरगाड्या उभ्या आहेत. सकाळी प्रार्थना, मग काम. उन्हाळ्यात पोरं येतील, त्याआधी त्यांच्या दुमजली खाटा दुरुस्त करायच्या, भिंती रंगवायच्या. खाटांखाली चिकटवलेलं च्युइंगगम खरवडून डेलमारने बरणीत भरून ठेवलंय. आपल्या गॅलनला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवणार म्हणे. चाळिशीच्या मुलाची बाप अजून अशी थट्टा करतो!

एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. त्याला हल्ली दम लागतो. शिडी चढली की पायरीवर बसतो आणि मी बघतेय म्हटलं की शिट्टी वाजवायला लागतो. पुढच्या आठवड्यात आम्ही लुइझियानाला निघू. तिथे वादळात गेलेली घरं उभी करायची आहेत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अर्डिथ

कॅन्सस
२९ जानेवारी २००७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिट्टी वाजवणाऱ्या माणसाचं हृदय ठणठणीत असतं असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय? मी विचिटाच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, वीस फेब्रुवारीची. भावजींना कान धरून घेऊन ये. लोकांची घरं बांधायला देवाकडे पुष्कळ माणसं आहेत, तुझ्याकडे नवरा एकच आहे.

इथे बर्फाने वाट लावली आहे. तुमच्या अंगणातलं बर्फ गॅलन येऊन काढून गेला. वडील कधी परततील म्हणून विचारत होता. तोंडाने बोलत नाही, पण काळजीत आहे पोरगा. आणि ती च्युइंगगमची बरणी खरंच पाठवलीत तर मी पोस्टातच उभी राहून ओरडेन, हे भावजींना सांग.

लवकर या. तोवर इकडची आठवण असू द्यावी.
आपली,
लवॉन

लुइझियाना
११ फेब्रुवारी २००७

चि. लवॉन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू चिडणार आहेस, म्हणून आधीच सांगून टाकते. डॉक्टरांची वेळ आम्ही मार्चमध्ये ढकलली.

आता कारण ऐक. आम्ही ज्यांचं घर बांधतोय त्या ओलीथा बतिस्त. शाळेत स्वयंपाक करून त्यांनी जन्म काढला. घर पाण्यात गेल्यापासून सरकारने दिलेल्या खोक्याएवढ्या गाडीत राहतात, कूस बदलायची तर आधी उठून बसायचं. भिंती उभ्या राहिल्या, पण छप्पर अर्धं आहे आणि छपराचं काम येणारा आमच्यात डेलमारच. मी परत जाऊ म्हटलं तर म्हणाला, उघड्या घरावर ताडपत्री टाकून निघून गेलो तर डॉक्टरपुढे छाती उघडायची मला लाज वाटेल.

ओलीथाबाईंनीही त्याला झापलं. तुम्हाला धाप लागलेली मला खालून ऐकू येते, म्हणाल्या. खाली उतरवून, खुर्चीत बसवून कोळंबी सोलायला लावली. एवढा मोठा माणूस मुकाट्याने सोलत बसला. मग जेवताना त्यांना म्हणतो कसा, तुमच्या हातचा हा कोळंबीचा रस्सा, हा गंबो, खायचा म्हणून तरी मी जगणार. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

छपराचं थोडंच राहिलंय गं. रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझी,
अर्डिथ

कॅन्सस
१३ मार्च २००७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजींना माती देऊन आठवडा झाला नाही तोच तू घरगाडी आणायला म्हणून बसने परत गेलीस. मी अडवलं नाही, पण तुझी रिकामी खुर्ची बघवत नाही. फोनवर तू एवढंच म्हणाली होतीस, की डेलमार छपरावर बसला आणि उठलाच नाही. अंत्यविधीतही बाकी काही बोलली नाहीस.

गॅलन जेवणाच्या वेळी जे बोलला ते मी ऐकलं. परक्यांच्या घरासाठी तू माझ्या वडिलांना घालवलंस, असं आईला सगळ्यांदेखत म्हणायचं? मी त्याला बाहेर नेऊन चांगलं खडसावलं. पण तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला.

आज सकाळी विचिटाच्या दवाखान्यातून फोन आला. उद्याची वेळ लक्षात आहे ना, पेशंटला रिकाम्या पोटी आणा. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणू ताई?

ती गाडी तिथेच विकून टाक आणि विमानाने ये. इतकी मोठी गाडी तू कधी चालवली नाहीस. ये. मला कुणी नाही.
आपली,
लवॉन

लुइझियाना
१९ मार्च २००७

चि. लवॉन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगते. तुलाच सांगू शकते.

शेवटची ओळ ठोकायची होती. मी खालून जेवायला हाक मारली. आलो म्हणाला. हातोडी ठेवली, आढ्याशी टेकून बसला आणि लांब पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बघतोय. मी पुन्हा हाकही मारली नाही, म्हटलं बघू दे थोडा वेळ. ओलीथाबाईच आधी ओरडल्या.

उरलेलं छप्पर बाकीच्यांनी पुरं केलं. काल गृहप्रवेश होता. पास्टरांनी किल्ली पुढे केली, तर ओलीथाबाई हात मागे घेऊन उभ्या. म्हणाल्या, माझ्या डोक्यावर माणूस मेला, मी या घरात निजू कशी? त्यापेक्षा ते खोकं बरं. सगळे समजावून थकले. मला त्यांचा राग आला, लवॉन. मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि म्हटलं, मला भूक लागलीय, आत येऊन चूल पेटवा. तुम्ही इथे राहणार नसाल तर तो वर कशासाठी गेला होता ते मी माझ्या मुलाला काय सांगू?

आल्या. रडत रडत कांदा चिरला. आम्ही दोघी नव्या ओट्याशी उभ्यानेच जेवलो.

गॅलनला मी माफ केलंय असं सांग. तो चुकीचं बोलला असंही मला म्हणता येत नाही, तेवढं मात्र सांगू नकोस.

गाडी विकणार नाही. चर्चच्या मैदानात दोन दिवस चालवायला शिकले, सावकाश येईन. पण पहिल्यांदा चढून बसले तर ब्रेकला पाय पोचेना. सीट त्याच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. सीट पुढे ओढायच्या खालच्या कड्याला हात घालून मी दुपारभर तशीच बसून राहिले. ओढली की ती जागा पुन्हा त्याच्या मापाची कधी होणार नव्हती.

मग ओढली.

उद्या निघते. दार उघडं ठेव.
तुझी ताई,
अर्डिथ