गल्लीखालचं वळण

प्रिय ठके,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. आधी हे सांग, तुझा खोकला गेला का? तू नर्स, दिवसभर दुसऱ्यांचा खोकला ऐकणार आणि घरी येऊन स्वतः खोकत बसणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि जावईबापूंनी जिन्याचा तो हलणारा कठडा बसवून घेतला का? मागे मी बोललो तेव्हा ते हसले होते. तुम्ही सगळे मला काळजीचं पोतं म्हणता, मला ठाऊक आहे. म्हणा. पण कठडा बसवा. नात आता पळायला लागली असेल. माझं म्हणशील तर बरं आहे. गुडघे तेवढे वाजतात. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणतो, तुम्ही जिना चढायला लागलात की मला वाटतं वर कोणी लाकडं फोडतंय.

तू लिहिलंस की धाकट्याला तिथून बाहेर काढायचंच. कोर्टाने आपल्या बाजूने सांगितलं आहे, आता बाप आणि बहीण दोघं हो म्हणाले की भुयारी रेल्वेवाल्यांना खणावंच लागेल. मग बाबा, तुमचं घोडं अडलंय कुठे? रास्त आहे तुझं विचारणं. वर्ष होत आलं. तो आपल्याच गल्लीखाली काँक्रीटमध्ये आहे आणि आपण त्याला नीट निरोपही दिलेला नाही. रेल्वेचे साहेब येत्या सोमवारी माझं उत्तर ऐकायला येणार आहेत. माणूस वाईट नाही. चहा घेत नाही, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून बोलतो. सोमवारच्या आत तुला सगळं कळायला हवं. म्हणून आज दार लावून बसलोय आणि हे पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

या राजधानीखालचं बोगद्यांचं जाळं आणि आपलं घर एकाच सुताने विणलंय. पहिली लाईन आम्ही उघडी खणली. भररस्ता फोडायचा, खंदक करायचा, भिंती बांधायच्या, वर छप्पर घालून पुन्हा रस्ता पसरायचा. आमचा मुकादम म्हणायचा, आपण डॉक्टर आहोत, फक्त पेशंट शुद्धीवर असतो आणि शिव्या देतो. त्याच शिव्या देणारे लोक उद्घाटनाला नवे कपडे घालून आले. तुझी आई त्यांत होती. सरकत्या जिन्याला घाबरून ती खालीच उभी राहिली, मागे लोक खोळंबले, आणि मी तिला हात दिला. तो हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही, हे तू पाहिलंसच. दुसरी लाईन बाजाराखालून गेली त्या साली तू झालीस. तिसरी नदीखालून नेली तेव्हा माझ्या छातीत धूळ बसली होती, म्हणून मला वर, उतरणाऱ्यांना दिवे वाटायच्या खोलीत बसवलं. आणि चौथी, सगळ्यांत खोल, जुन्या वस्तीखालून मशीनने कोरलेली, ती धाकट्याची. मी त्याला नको म्हणालो होतो, हे तू जाणतेस. मी तर त्याला सायकललाही नको म्हणालो होतो. त्याने दोन्ही वेळा माझं ऐकून घेतलं आणि हवं तेच केलं.

पहिल्या लाईनला आमच्याकडे फोन नव्हते. हवेचा जो लांब नळ आत जायचा, त्यावर हातोडीने ठोकायचं. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन, म्हणजे सगळं ठीक, काम चालू द्या. न थांबता ठोकत राहायचं, म्हणजे धावा. फोन आले तरी ही खूण खाली अजून चालते. तुम्ही लहान असताना भिंतीपलीकडून झोपण्याआधी मला तीन ठोके द्यायचात. तू मोठी झालीस आणि सोडलंस. तो अगदी मिशी फुटल्यावरही द्यायचा. कधी उशिरा आला तर बूट काढायच्या आधी भिंतीवर तीन ठोके. मग माझा डोळा लागायचा.

आता शिडीबद्दल. तू त्याचं नाव काढू देत नाहीस, पण आज वाच. धाकट्याचा जोडीदार, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणतात. ज्या मोठ्या विहिरीतून माणसं खाली उतरतात, तिच्या तोंडाशी एक फळा असतो. डावीकडे आत गेलेल्यांच्या खुंट्या, उजवीकडे बाहेर आलेल्यांच्या. प्रत्येकाचा पितळी बिल्ला. आत जाताना आपल्या हाताने डावीकडे लावायचा, वर आलं की आपल्या हाताने उजवीकडे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा नियम माझ्या वेळेपासूनचा. पण पाळी सुटली की फळ्यापुढे ही झुंबड. घामेजलेली, घरची ओढ लागलेली माणसं. शिडीचा हात सगळ्यांच्या डोक्यांवरून पोचायचा. तेव्हा त्याच्या टोळीतले लोक मागूनच ओरडायचे, शिडी, माझा पण. तो हसत सगळ्यांचे बिल्ले सरकवायचा. मुकादमाने कधी हटकलं नाही. उलट गर्दी लवकर हटते म्हणून त्याला बरंच वाटायचं. मी स्वतः त्या फळ्यापाशी उभा असतो तर मीही म्हणालो असतो, शिडी, माझा पण.

त्या दुपारी मशीनच्या तोंडाशी जमीन सुटली. पाणी आणि वाळू आत येऊ लागली आणि पोकळी वर चढू लागली, आपल्या गल्लीच्या दिशेने. इथे वर शिंप्याच्या दुकानाचं दार चौकटीत अडकलं, एवढंच आम्हाला कळलं. खाली भोंगा झाला. माणसं पाळण्यातून, म्हणजे विहिरीतल्या त्या ओढायच्या पिंजऱ्यातून, वर आली. धाकटा शिडीच्या मागोमाग पाळण्यात चढला होता, हे चौघांनी पाहिलं आहे. मग तो उतरला. का, ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं पाणी अडवायचं लोखंडी दार ओढून घ्यायला, कोणी म्हणतं काही विसरला म्हणून. तू मागे लिहिलं होतंस, मी विणलेल्या स्वेटरसाठी तर गेला नसेल ना. नाही ग. स्वेटर इथेच खुंटीवर आहे. त्या दिवशी उकडत होतं, तो घालून गेलाच नव्हता. हे मी आधीच कळवायला हवं होतं, तू उगीच इतके दिवस जीव जाळलास.

शिडीने वर येताच सवयीने टोळीचे बिल्ले उजवीकडे सरकवले. धाकट्याचाही. साहेबांनी फळा पाहिला, डावी बाजू रिकामी. वर गल्लीत अख्खी वस्ती घरात बसलेली, त्यांना बाहेर काढायलाही वेळ नव्हता. साहेबांनी वरून नळ सोडून पातळ काँक्रीट ओतायला सांगितलं. घरं वाचली. कोणाच्या घराची कपबशीही फुटली नाही. दिवेलागणीला धाकटा आला नाही तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली आणि मी विहिरीपाशी गेलो. त्याचा बिल्ला उजवीकडे होता. मी तिथल्या माणसाला म्हटलं, हा घरी आलेला नाही. शिडी तिथेच जमिनीवर बसला.

तेव्हापासून गल्ली माझ्याशी कशी वागते ते तुला काय सांगू. भाजीवाली चांगली भाजी बाजूला काढून ठेवते. पोरं माझ्यासमोर खेळताना आवाज करत नाहीत. खणायचं ठरलं तर ही सगळी घरं उतरवावी लागतील, आपलंसुद्धा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोणी तोंडातून ब्र काढत नाही. एकदा शिंपी तेवढा म्हणाला, काका, तुम्ही म्हणाल तसं, आम्ही शिलाईचं मशीन उचलून कुठेही बसू. आणि मग माझ्या सदऱ्याचं बटण लावत बसला, जे तुटलेलंच नव्हतं. पण ठके, मी त्यांच्यासाठी अडून बसलोय असं समजू नकोस. पोटच्या पोरापुढे गल्ली काय आणि घर काय. सुरुवातीला तर मी सामान बांधूनही ठेवलं होतं. तुझ्या आईची शिवणाची पेटी अजून दोरी बांधलेलीच आहे.

शिडी आता बोगद्यात उतरत नाही, गोदामात पोती उचलतो. रविवारी येतो, उंबऱ्यावर बसतो, आत ये म्हटलं तरी येत नाही. मागच्या महिन्यात तो बोलला. त्या दुपारी काँक्रीट ओतणं चालू असताना तो विहिरीच्या काठाला हवेच्या नळाला टेकून बसला होता. नळाला ठोके आले. तीन, थांबले, पुन्हा तीन. त्याला वाटलं पलीकडच्या टोकाचे पंपवाले विचारतायत. त्याने हातातल्या पान्याने परत तीन दिले. खालून आणखी एकदा तीन आले. मग आले नाहीत. पंपवाल्यांनी कोणी ठोकलंच नव्हतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तो मला एवढंच म्हणाला, "काका, मी त्याला ठीक आहे म्हणून कळवलं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार? त्याने हे चौकशीत सांगितलेलं नाही आणि मी त्याला सांगायला लावणार नाही.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीला धरून बसलोय. त्याने न थांबता ठोकलं नाही. तीनच ठोकले. वर आपलं घर आहे, मी दुपारचा आडवा झालो असेन, हे त्याला ठाऊक होतं. काँक्रीट येताना त्याने पाहिलं असेल आणि कळवलं असेल, चालू द्या. असं मी रोज स्वतःला सांगतो. पण दुसरंही असू शकतं. त्याला वाटलं असेल की लोक आपल्यालाच शोधतायत, मी ठीक आहे एवढं त्यांना कळू दे, म्हणजे ते येतील. आणि शिडीचे तीन ठोके ऐकून त्याला धीर आला असेल. त्याला बाहेर काढलं की यातलं खरं काय ते दिसेल. तो नळापाशी शांत बसलेला सापडेल, नाहीतर त्या लोखंडी दाराशी. मला एक वेळ कळणार नाही. पण तू नर्स आहेस. त्याचे हात बघितलेस की तुला सगळं कळेल, आणि तुझं तोंड बघितलं की मला. म्हणून हे लिहिलं. सोमवारी मी साहेबांना नको म्हणणार आहे, आणि तूही नको म्हण, एवढं मागतो. रागावलीस तर रागव, पण ये, इथे माझ्यापाशी येऊन रागव. नव्या लाईनवर रिकाम्या गाड्या चालवून बघतायत. स्टेशनातल्या रंगीत नकाशावर ती लाईन सरळ रेघ आहे. खरी लाईन आपल्या गल्लीखाली वळते, तो भरलेला भाग बाजूला ठेवून. वळताना चाकं करकरतात आणि मांडणीतली भांडी वाजतात. शिंपी म्हणाला, सगळे मिळून तक्रार करू. मी नको म्हटलं. तो आवाज आला की मला कळतं, गाडी त्याला चुकवून गेली.

कठड्याचं विसरू नकोस.

तुझाच, काळजीचं पोतं,
बाबा