जाळीखालच्या तिसऱ्या

पूर्णगड,
९ फेब्रुवारी

प्रिय उझमा,

सलाम. दोह्यात सगळे बरे असाल. अद्नान परवा तिकडे निघतोय, त्याच्याजवळ सोडे, म्हणजे आपली सुकी कोळंबी, आणि हे पत्र देते आहे. तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर मेसेजमध्ये लिहायला जमलं नाही.

आधी कामाचं. आठवतं, सातवीत आपण आमच्या काठावरच्या शिंपल्या, आपल्या तिसऱ्या, बादलीत भरून होडीने आणल्या आणि तुमच्या दारासमोरच्या चिखलात पेरल्या होत्या? कालवणासाठी खाडी ओलांडायला नको म्हणून. थोड्याच दिवसांत एकही उरली नाही. "तूच परत काढून नेल्यास, चोर कुठली!" म्हणत तू दिवाळीपर्यंत अबोला धरलास. तुझ्या अम्मी, माझ्या चाची, म्हणाल्या, "आमच्या काठाला काय रुजत नाय." मीही तेच धरून चालले होते.

आता माझं संशोधनच या प्रश्नावर आहे. एकाच खाडीत तिसऱ्यांचा इथे खच आणि पलीकडे एकही नाही, असं का? पावसाळा संपल्यावर तुमच्या दारासमोर पुन्हा पेरल्या. अर्ध्यांवर जाळी बसवली, अर्ध्या उघड्या ठेवल्या. पाणी तेच, चिखल तोच. उघड्यांची नुसती फुटकी शिंपलं मिळाली, कडा कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, तोडलेल्या. जाळीखालच्या मात्र चांगल्या वाढल्या. काठात खोट नव्हतीच.

चोर सापडले. माझी माफी मागायला हरकत नाही.

आता तुझा प्रश्न. चाची न्हाणीत घसरल्यापासून तू त्यांना तिकडे न्यायचं म्हणतेस, आणि समजूत मी काढावी. एकदा विषय काढला. "बारा महिने एसीत? मला काय सुरमई समजलीस, बर्फात ठेवायला?" म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक घावन टाकलं.

पुन्हा काढला नाही. त्याचं कारण एकट्या चाची नाहीत, मीही आहे. तू गेल्यावर मी या घरी यायचं टाळत होते. जाळीच्या निमित्ताने रोज येऊ लागले. मी तिसऱ्या मोजते आणि भरती चढेपर्यंत चाची पायरीवर बसतात, वरून ओरडतात, "गो, आज कोण मेली काय?" त्या गेल्या तर हे दार बंद होईल. ते मला बघायचं नाही.

त्यांना दुसरी जागा नको, सोबत हवी. न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली आहे. तुझ्या खोलीतला पंखाही दुरुस्त केला, मला रात्री झोपताना लागतो. तुझे कपडे कपाटात डावीकडे सरकवले आहेत, टाकलेले नाहीत. सुट्टीत आलीस की पलंगाची उजवी बाजू तुझी.

तुझ्याच काठावरून,
निशिगंधा