लालतुऱ्याची अमावस्या

१२ जाने.
सकाळी दोन्ही कोंबडे उजेडात धरून तपासले. जीभ, तुरा, तळवे, नखं. शाळेत सिस्टर रांगेत उभं करून आमची नखं बघायच्या, तसंच. फक्त कडकनाथाचं नख काळंच हवं. एक, ज्याला मी बिशप म्हणते, आतून-बाहेरून काळा, तुरा शाईत बुडवल्यासारखा. दुसरा, लालतुऱ्या, जास्त दणकट, पण तुऱ्याच्या बुडाशी लाली. पैदाशीला एकच ठेवायचा. पलटणीतून आल्यावर ह्यांनी हा वंश सांभाळला, भेसळ होऊ दिली नाही. ते गेले, आता मी.
एक तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, बरेच दिवस दिसत नाही. मुंगसाने नेली असणार.
शालन (धाकटी जाऊ) आली. फौजेतल्या तिच्या नातवाची, सुजितची, पहिलीच नेमणूक बर्फात, म्हणून म्हसोबाला काळ्या कोंबड्याचा नवस बोललीय. "आक्का, पीस एक बी पांढरं नगं. तुऱ्याचं काय न्हाई देवाला." म्हटलं, पैदासकार संघाचा माणूस तपासायला येणार आहे, तो ज्याला बाद करील तो तुझा. म्हसोबाचं नाव घेऊन शब्द दिला.

१८ जाने.
सांगलीहून पैदासकार संघाचा तरुण आला. बुटांसकट खुराड्यात. छाती चाचपली नाही, पाय बघितले नाहीत. ब्लाउजपीस मॅचिंग बघतात तसा रंगाचा तक्ता तुऱ्याला लावला. "मॅडम, लाली म्हणजे बाद." बिशप पास. चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

२५ जाने.
बिशपची अंडी खुडूक कोंबडीखाली होती. मुदत उलटली म्हणून फोडली. पिल्लं पूर्ण भरलेली, आतच मेलेली. दोन बाहेर आली होती, ती पाय फाकवून पडली, दुपारपर्यंत गेली. मागच्या खेपेला मी थंडीला दोष दिला. थंडी नव्हे. बाप, आजा, पणजा, सगळे त्याच घरातले. काळ्यातला काळा निवडत आलो. ह्यांनीही तेच केलं. ह्यांना हे कोणी...

२९ जाने.
कडब्याच्या गंजीमागे चिवचिव. हरवलेली तलंग! मागे पिल्लांचा घोळका. बिशप कायम जाळीत, म्हणजे बाप लालतुऱ्याच. नुसती पळतायत. एकेकाची चोच उघडून पाहिली. जिभा काळ्या. सगळ्यांच्या. तिथेच मातीत बसले.

३ फेब्रु.
संघाला फोन. "बाप बाद आहे मॅडम, पिल्लांची नोंद होणार नाही." म्हटलं, तुमच्या पास बापाची पिल्लं जगत नाहीत. "ते स्टँडर्डमध्ये येत नाही." मेलेलं काळं पिल्लू येतं वाटतं! फोन आपटला. लालतुऱ्या माद्यांत सोडला. आता वंश त्याच्यावर.
आणि शब्द दिलाय.

९ फेब्रु.
शालनला बोलावून बिशप पुढे केला. हाच ने. तिने त्याला उन्हात धरलं, पंखाखाली फुंकर मारली. आत एक पांढरं पीस. संघाच्या साहेबाला दिसलं नव्हतं. मलाही नाही.
"ह्यो न्हाई चालायचा, आक्का."
बाजारातून दुसरा आणू म्हटलं.
"शब्द तुमी मला न्हाई दिला, त्याला दिला. पोरगं तिकडं बर्फात हाय. उद्या काय झालं तर तुमी सोसाल व्हय?"
मी बिशपला परत जाळीत सोडलं. असल्या देवावर माझा विश्वास नाही. सुजितला मात्र मी मांडीवर खेळवलंय.

१६ फेब्रु.
उद्या अमावस्या, नवस फेडायचा दिवस. दुपारी शालन कोंबडा न्यायला डालगं, झाकणाची टोपली, घेऊन आली. लालतुऱ्याला दाणा सापडला की स्वतः न खाता माद्यांना बोलावतो. पिल्लं त्याच्या पायांत. ती वाकून पिल्लं बघू लागली.
"ही समदी ह्याचीच?"
"ह्याचीच. बिशपचं एक जगलं नाही."
"लय ग्वाड हायती."
मी कोंबडा धरायला उठले नाही. तीही धर म्हणाली नाही. सुजितचा फोन लागतो का विचारलं. चार दिवस लागला नाही म्हणाली.
पदर सारखा करून रिकाम्या हाती गेली. डालगं पडवीतच आहे, तोंड उघडं.