‘उसाआड’मधला चौथा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची पुण्यात. दोन बॅगा, एक पिशवी आणि आईने बळेच कोंबलेला दिवाळीचा उरलेला चिवडा. खोली कसबा पेठेत, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण घरमालकीण सरोजिनीबाईंच्या मते ती आजारी माणसांसाठी आहे. बाई शाळेतून निवृत्त झाल्यात, शिकवणं मात्र सुटलेलं नाही. मी चपला दाराबाहेर काढल्या तर म्हणाल्या, “आत काढा. नव्या घ्यायची हौस असेल तर राहू द्या बाहेर.” मी हसले. त्या हसल्या नाहीत.

खालच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकतात, त्याचा आवाज वरपर्यंत येतो. संगमनेरला घरामागेच पिठाची गिरणी, त्यामुळे मला हे फार घरच्यासारखं वाटलं. खिडकीला पडदा लावला, टेबल पुसलं, आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच असते. जेवलीस का, असं तिने तीनदा विचारलं.

उद्यापासून नोकरी. या वाक्याखाली रेघ मारावीशी वाटतेय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मनपाच्या स्टॉपवरून बस धरून खराडीला जायला किती वेळ लागतो हे लिहीत नाही, आई वाचेल.

ऑफिस छोटंसं. मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये आमचा अर्धा मजला. आमोद सरांनी काम समजावून सांगितलं. ज्यांना दिसत नाही त्यांनाही सिनेमा बघता यावा म्हणून पडद्यावर काय चाललंय ते दोन संवादांच्या मधल्या जागेत बोलून सांगायचं. ‘ती दार लावते. खिडकीशी जाते.’ एवढंच. लिहायचंही मी आणि माझ्याच आवाजात रेकॉर्डही करायचं. कॉलेजात निवेदन करत होते ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मी लिहिलेलं तपासणार शहेजादभाई. चाळिशीचे असतील. तेही कसब्यातलेच, चार पिढ्यांपासून. सहाव्या वर्षी तापात डोळे गेले, आता उजेडही कळत नाही, हे त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. म्हणाले, नंतर चोरून दुसऱ्या कुणाला विचारण्यापेक्षा बरं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिली स्क्रिप्ट लाल होऊन परत आली. म्हणजे शहेजादभाईंनी तोंडीच लाल केली. मी लिहिलं होतं, ‘तो उदास होऊन बसतो.’ ते म्हणाले, “उदास मी ठरवीन, मॅडम. तुम्ही मला मान खाली आहे की वर, तेवढं सांगा.”

दुपारी डबे उघडल्यावर त्यांनी त्यांच्या बहिणीच्या हातचं आंब्याचं लोणचं माझ्या ताटात वाढलं. नीट माझ्याच ताटात, सांडलं नाही. संध्याकाळी बसला सोबत आलो. स्टॉप कुठला आला हे ते मला सांगत होते.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज भुताचा सिनेमा मिळाला. मी आयुष्यात एकही बघितलेला नाही. लहानपणी चुलत भाऊ लावायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात पळायचे. पण नोकरी म्हटल्यावर पळायचं कुठे.

नाव ‘उसाआड’. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या संजय नावाच्या मुलाने मित्रांना घेऊन, जवळजवळ फुकटात केलाय. या प्रकाराला फाउंड फुटेज म्हणतात. म्हणजे माणसं गायब झालेली असतात, मागे त्यांचा मोबाइल सापडतो आणि त्यात त्यांनीच काढलेलं जे असतं तोच सगळा सिनेमा. इथे दोन मुलगे आणि एक मुलगी उसातून एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहायला जातात. मोबाइल एका मुलाच्या हातात, त्यामुळे तो दिसत नाही, त्याचे पाय तेवढे दिसतात. पांढरे बूट.

सुरुवातीला हसू येत होतं. सगळं हलतं, अर्धा वेळ नुसता ऊस आणि बॅटरीचा उजेड. मुलगी ओरडायच्या आधीच घाबरलेली दिसते. मध्यंतरानंतर हसू आलं नाही. तसं काही घडतही नाही. ते चालतात, थांबतात, मागे वळतात, मागे कुणी नसतं. शेवटी मोबाइल जमिनीवर पडतो आणि बराच वेळ नुसतं गवत दिसत राहतं.

संपलं तेव्हा लक्षात आलं की मी पाय वर खुर्चीवर घेऊन बसले होते. काचेबाहेर दुपारचं ऊन, लोक चहा पीत उभे. फार बरं वाटलं त्यांना बघून.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

स्क्रिप्ट दिली. शहेजादभाईंनी सिनेमा ऐकला, माझं लिहिलेलं ऐकलं आणि म्हणाले, अपुरं आहे. चौथ्या माणसाबद्दल एक शब्द नाही.

मी म्हटलं, तीनच आहेत. ते म्हणाले, चार आहेत. चौथा अनवाणी चालतो आणि तोंडाने श्वास घेतो. मी म्हटलं तो मोबाइल धरणारा मुलगा असेल. त्यावर ते जरा चिडलेच. त्याचे बूट करकरतात, तो वेगळा. हा त्याच्याही मागे आहे.

मग त्यांनी त्यांचे हेडफोन माझ्या कानांवर ठेवले आणि एके ठिकाणी बोटाने टेबलावर ठोका दिला. पुन्हा दिला. तिसऱ्या ठोक्याला मला ऐकू आलं. ओल्या मातीवर उघडा पाय पडतो तसं. आणि मग श्वास.

शहेजादभाई म्हणाले, सगळं एकाच मोबाइलवर घेतलंय, सगळे आवाज एकाच जागेवरून यायला हवेत. हा एकटाच मागून येतो. त्यांच्या नव्हे. आपल्या मागून.

मी वळून बघितलं. कपाट होतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज पुन्हा पूर्ण बघितला, उजेड वाढवून, एकेक चित्र थांबवून. कुणी दिसत नाही. ऐकू मात्र सगळीकडे येतं. आता येणारच, एकदा कळल्यावर.

आमोद सरांना विचारलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हणाले, दिसत नसेल तर लिहू नका, गाडी पुढे ढकला. शहेजादभाई अडून बसले. ऐकणाऱ्याला तो ऐकू येणार, मग कोण आहे हे त्याने कुणाला विचारायचं?

मला त्यांचं पटलं. दुपारी रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन सिनेमा लावला आणि त्यावर एक ओळ वाढवली. ‘त्यांच्या मागे आणखी कुणीतरी चालतंय. अनवाणी.’ माझ्याच आवाजात. पहिल्याच वेळेला नीट आली.

नंतर संजयला फोन केला, पडद्यावरच्या नावांत चौथं नाव द्यायचं राहिलं का म्हणून. त्याने एवढंच विचारलं, “तुम्ही हे मोठ्यानं बोलला का, मॅडम?”

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी शहेजादभाईंनी तयार झालेला सिनेमा शेवटचा म्हणून ऐकायला घेतला. अर्ध्यावर थांबवला. मला बोलावलं. तिथले ठोके दिले, एक, दोन, तीन. काही नाही. बुटांचा आवाज आहे, मुलगी रडते आहे, ऊस सळसळतोय. मागचा नाही. कुठेच नाही. मूळ फाइल लावली, तीही स्वच्छ. माझी ओळ तेवढी उरलीय, कुणाबद्दल बोलते आहे कळत नाही अशी.

मी म्हटलं, बरंच झालं की. त्यांनी मूळ फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.

दुपारी संजय स्वतः आला. बारीक पोरगा, दाढी वाढलेली. समोरची खुर्ची सोडून भिंतीला पाठ लागेल अशा जागी जाऊन बसला. हळू आवाजात सगळं सांगितलं. शूटिंगला तिथे चौथं कुणी नव्हतं. साईनाथ म्हणून त्याचा मित्र, त्याने सिनेमा जोडला. जोडताना त्यालाच पहिल्यांदा ऐकू आलं, आणि सिनेमा चालू असतानाच तो बोलून गेला, आपल्या मागं कोण हाय रे हा? त्या दिवसापासून सिनेमातला आवाज गेला.

मग साईनाथ भिंतीला पाठ लावून बसायला लागला. मग घराबाहेर पडेना. मग एक दिवस घरात नव्हता. अजून सापडलेला नाही. बाहेरून दाराला कडी नव्हती, आतून होती.

“आणि तो गेला त्या दिवशी मी सिनेमा लावला,” संजय म्हणाला, “तर आवाज परत आलेला.”

मी विचारलं, मग तू भिंतीला टेकून का बसतोस? म्हणाला, सवय. साईनाथबरोबर तसंच बसायचो. त्याला बरं वाटायचं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी शहेजादभाईंच्या टेबलाशी गेले. त्यांनी मान वर केली, माझं नाव घेतलं आणि विचारलं, “सोबत कोण आहे?”

कुणी नव्हतं. सगळे लांब होते. मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, दोन पावलं चाला. चालले. थांबा. थांबले. त्यांनी हात टेबलावर घट्ट दाबून धरला होता.

पाय कोरडे झालेत त्याचे, एवढंच म्हणाले.

ती ओळ काढून टाकली. पुसली. बॅकअपमधूनही पुसली. काही फरक नाही.

बसमध्ये शहेजादभाई शेजारी बसले, पूर्ण वेळ माझ्या बाजूला कान करून. चूक आपलीच आहे म्हणतात. मी म्हटलं, बोलले मी.

आईचा फोन. दोन दिवस सुट्टी आहे तर ये म्हणते. काम आहे म्हणून सांगितलं. मी तिकडे गेले तर एकटी जाणार नाही. ती दिवसभर घरात एकटी, भाजी निवडत बसलेली असते, दाराकडे पाठ करून.

नाही. संगमनेरला जायचं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पलंग भिंतीला लावला. टेबल भिंतीला. पाठ भिंतीला.

आता मलाही ऐकू येतो. हेडफोन नकोत. गल्लीतली ठोकाठोक थांबली की —

सरोजिनीबाई जेवायला बोलवायला आल्या. मला बघून म्हणाल्या, भिंत पडत नाहीये, सोडा तिला. मग जवळ आल्या, कपाळाला हात लावला. ताप नाही म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता आणि मला रडू आलं. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांना सांगायचं नाही. कुणालाच नाही. साईनाथ बोलला, मी बोलले — आता पुढे कुणी नको.

वरण-भात खाल्ला. उभ्याने. भिंतीला टेकून.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी शहेजादभाईंना बोलावलं. काठी टेकत जिना चढून आले. लिफ्ट नको म्हणाले, पावलं मोजता येतात जिन्यावर, सगळ्यांची.

समोर बसले. ऐकलं. म्हणाले, मागे नाही तो आता.

मला केवढं हलकं —

मग म्हणाले, ओवी मॅडम, डोळे मिटा.

मागे भिंत आहे. म्हणून तो फिरून पुढे आलाय. माझ्या आणि त्यांच्या मध्ये.

डोळे मिटलेत. तसंच लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. लिहीत राहा असं तेच म्हणाले. पेनाचा आवाज आला की मी कुठे आहे ते त्यांना कळतं. पेन थांबलं की ते माझं नाव घेतात. मी हं म्हणते.

बाहेर ऊन असणार. पापण्यांवर लाल लाल दिसतंय. मधेच ते काळं होतं. मग परत लाल.

कुणीतरी उजेडात येतंय, जातंय.

म्हणतात हात द्या, खाली जाऊ. मी हात पुढे केला नाही. मध्ये तो आहे.

मी पेन थांबवून बघितलं. त्यांनी नाव घेतलं नाही.

मीच हाक मारली.

म्हणाले, मॅडम, मला दिसतंय.

उजेडही न कळणारे डोळे. मी म्हटलं काय दिसतंय, आणि लगेच म्हटलं नको, सांगू नका, सांगायचं नाही —

म्हणतात, खिडकी नाही दिसत. तुम्ही नाही. फक्त तोच.

थांबा म्हणतेय मी. थांबता येत नाही म्हणतात. रडतायत. रडत रडत सांगतायत, जसं मला शिकवलं तसं, सरळ, एकेक. उंची तुमच्याएवढी. केस ओले. हात गुडघ्यांवर टेकवलेत. वाकलाय. वहीत बघतोय. वाचतोय.

आता मान वर करतोय. तुमच्याकडे. त्याचं तोंड —